आप्पांचा दगड आणि माझी बादली

राग माझ्या नाकावर असतो, हे मी कधी नाकारलं नाही. शिरूर तालुक्यातल्या निम्म्या गावांत मला ‘तिखट सिस्टर’ म्हणायचे, तेही तोंडावर. त्याचं मला काही वाटत नसे, उलट थोडी ऐटच वाटायची. पण त्याच रागाच्या भरात मी एकदा चार ओळींचं पत्र लिहिलं आणि आमच्या गाडीच्या ड्रायव्हरची नोकरी जायची वेळ आली. त्यांना सगळे आप्पा म्हणत, मीही आप्पाच म्हणायचे. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. पण उपकाराचं नाव काढलं की ते तोंड फिरवून विडी पेटवायचे, त्यामुळं ते होते तोवर नीट बोलता आलंच नाही. आता लिहिते.

दोन हजार सालाच्या आगेमागं मी एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्यावर नर्स होते. फिरता दवाखाना म्हणजे जुनी मिनीबस, आतल्या सीटा काढून तिची खोली केलेली. एका अंगाला पेशंट तपासायची कॉट, कॉटखाली बॅटरी, भिंतीला औषधांची कपाटं, हात धुवायला इवलंसं बेसिन, एक पंखा, दोन ट्यूब आणि पुढच्या बाजूला माझ्यासाठी फळीचा पलंग. पलंग अशासाठी की दर बुधवारी आम्ही शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याकडं उतरायचो आणि दौंड तालुक्यातल्या गावांत एक मुक्काम करायचो. डॉक्टर संध्याकाळी दौंड स्टेशनावरून रेल्वेनं पुण्याला घरी जायचे, आप्पा जवळच्या देवळाच्या ओट्यावर पथारी टाकायचे आणि मी गाडीत. चहा, भात, पिठलं, सगळं तिथंच स्टोव्हवर. खिडकीशी बसून उसाकडं बघत चहा प्यायचा आणि वर घरमालकीण नाही! त्या गाडीनं मला जेवढं सुख दिलं तेवढं कुठल्या भाड्याच्या खोलीनं दिलं नाही, हे मी कुणालाही सांगेन.

पण गाडी नखरेल होती. इंडिकेटर दिला की आतली ट्यूब उघडझाप करायची. ब्रेक दाबला की पंखा दमायचा. हॉर्न एखाद्या दिवशी खणखणीत वाजायचा, एखाद्या दिवशी नुसता खाकरायचा. कवठे येमाईची एक म्हातारी दर पंधरवड्याला बीपीच्या गोळ्या न्यायला यायची. तिनं एकदा कॉटवर बसल्या बसल्या विचारलं, “ही गाडी डोळं का मारतीया गं बाय?” मी काय उत्तर देणार, कप्पाळ!

आणि ते मागचं दार! आत-बाहेर करायला तेवढं एकच दार, ड्रायव्हरची केबिन मधे पत्रा मारून वेगळी केलेली. कधी एका बोटानं उघडायचं, कधी चार माणसांनी ओढलं तरी हलायचं नाही. आप्पांनी कुलूप दोनदा बदलून आणलं. नवं कुलूप आठ दिवस शहाण्यासारखं वागायचं आणि मग जुन्याच्या वळणावर जायचं. शेवटी आप्पांनी हात टेकले. म्हणाले, “कुलपात खोट न्हाई सिस्टर. गाडी तिरकी ऱ्हायली की दार धरतंय, एवढं मला कळलंय. का धरतंय ते काय कळंना.”

म्हणून त्यांनी एक चपटा दगड पैदा केला. तो केबिनमध्ये त्यांच्या पायाशी असायचा. गाव आलं की खाली उतरायचे, जमिनीचा अंदाज घ्यायचे, मागच्या डाव्या चाकापुढं दगड ठेवायचे आणि गाडी त्यावर चढवायचे. मगच दार उघडायचं. पेशंट उन्हात ताटकळायचे, पोरं हसायची, माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. गाडीत दगड घेऊन फिरणारा ड्रायव्हर मी जन्मात बघितला नव्हता.

आता माझ्या वेडाचंही सांगते. माझं लहानपण कोरेगाव भीमाला गेलं. जयंतीच्या आधी आमची आई आणि वस्तीतल्या बाया विहार धुवायच्या. बादल्याच्या बादल्या ओतायच्या, खराट्यानं खसाखसा घासायच्या आणि पाणी दारातून बाहेर लोटायच्या. ओल्या फडक्यानं पुसणं हे आईच्या मते आळशी बाईचं काम. मीही दवाखान्याची गाडी तशीच धुवायचे. रोज संध्याकाळी जमिनीवरच्या रबरी मॅटवर ब्लिचिंग पावडर भुरभुरायची, वर दोन बादल्या पाणी ओतायचं, घासायचं आणि मागच्या दारातून लोटून द्यायचं. एकही दिवस चुकवला नाही. संस्थेचे पाहुणे आले की डॉक्टर कौतुकानं म्हणायचे, आमच्या गाडीत जमिनीवर वाढलं तरी जेवाल. मी फुगायचे.

तर एका उन्हाळ्यात, भर दुपारी, कवठे येमाईला ते झालं. डॉक्टर त्या दिवशी रजेवर होते. आप्पांनी गाडी दगडावर चढवली, दार उघडून दिलं आणि ते कुठंतरी गेले. माझं बीपी मोजायचं, गोळ्या द्यायचं काम चाललं होतं. माणसं चढत-उतरत होती, त्या हिसक्यांनी केव्हातरी चाक दगडावरून घसरलं असणार. गाडीनं एक गचका खाल्ला, दार आपोआप धाडकन लागलं, पंखा थांबला. आत मी आणि ती गोळ्यावाली म्हातारी.

बाहेरून लोकांनी ओढून ओढून हँडल ढिलं केलं. खिडक्यांना लोखंडी जाळ्या, पत्रा तापलेला, आत जीव घुसमटायला लागला. म्हातारी पदरानं वारा घेत म्हणाली, “म्या बीपी मोजाया आले व्हते गं, मराया न्हाई.” मी हसले आणि केसपेपरनं तिला वारा घालायला लागले. तिला काही झालं असतं तर? अर्ध्या-पाऊण तासानं आप्पा आले. काही न बोलता त्यांनी जॅक काढला, गाडीचा मागचा कोपरा उचलला. दार सुटलं आणि त्याच क्षणी पंखा फिरायला लागला.

दार आणि पंखा दोन्ही एकाच वेळी! माझ्या जागी कुणी शांत डोक्याचं असतं तर तिथंच थबकलं असतं, की अगं बाई, या दोघांचा एकमेकांशी काय संबंध? पण माझ्या डोक्यात तिडीक गेलेली. मी सगळ्या गावासमोर आप्पांना काय काय बोलले ते आज लिहायचीही लाज वाटते. ते खाली मान घालून जॅकचा दांडा पुसत राहिले.

त्याच संध्याकाळी मी संस्थेला पत्र लिहिलं. गाडीची देखभाल होत नाही, चालक गाडी दगडावर उभी करतात, पेशंट आत अडकले तेव्हा चालक जागेवर नव्हते, तरी योग्य ती कारवाई व्हावी. आप्पा जागेवर का नव्हते, ते मात्र मी लिहिलं नाही. ते विहिरीवर पाणी आणायला गेले होते. संध्याकाळी जमीन धुवायला दोन कॅन जास्त लागतील, असं मीच सकाळी त्यांना बजावलं होतं. ते मला पत्र लिहिताना आठवलं होतं का? आठवलं होतं. पाकीट चिकटवलं आणि दर शनिवारी पुण्याच्या ऑफिसला जाणाऱ्या कागदांच्या पिशवीत टाकलं.

पुढच्या आठवड्यात आप्पांनी एक काम केलं. माझ्या पलंगाजवळच्या खिडकीची जाळी काढली, तिला बिजागऱ्या बसवल्या आणि आतून कडी लावून दिली. “परत अडाकलात तर हितनं निगा,” म्हणाले. खाली पाय ठेवायला एक लोखंडी पायरीसुद्धा लावली. मी मनात म्हटलं, बघ, वरून हजेरी घेतलेली दिसतेय, आता कसे सुतासारखे सरळ आले! तोंडानं मी साधं ‘बरं झालं’ एवढंही म्हणाले नाही.

तीन आठवडे गेले. एका गुरुवारी दौंडकडून परत येताना न्हावऱ्याला चहासाठी थांबलो. रस्त्याकडेला उतार होता. चहा पिऊन आलो तर गाडी ठार. सेल्फ मारला की नुसतं ‘टक’. ना लाईट, ना हॉर्न, दारही बंद. विटा वाहणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्याला दया आली, त्यानं आम्हाला ओढत शिरूरला आणलं. तिथं उतरल्यावर आप्पा एसटीडी बूथवर गेले आणि ऑफिसला फोन करून आले. चेहरा उतरलेला.

“सोमवारी पुन्याचं सायेब येत्यात,” ते म्हणाले. “मागंच बजावलं व्हतं, आता पुन्यांदा बंद पडली तर दुसरा ड्रायव्हर. बघून बी ठिवलाय म्हनं.”

आप्पांचं वय तेव्हा चोपन्न-पंचावन्न. त्या वयात ड्रायव्हरला नवीन कोण ठेवतं? धाकटी मुलगी दौंडला कॉलेजात, घरात दुसरा पगार नाही. हे सगळं मला माहीत होतं, पत्र लिहिलं तेव्हाही माहीत होतं. पण साहेबांनी मागं बजावलं ते माझ्या पत्रावरून, हे आप्पांना ठाऊक नसेल, अशी मी मनाची समजूत घातली.

शुक्रवारी गाडी एसटी स्टँडजवळच्या वायरिंगवाल्या मामांकडं नेली. मामांचं दुकान म्हणजे चार पत्रे, एक बाकडं आणि वायरींचं जंजाळ. त्यांच्याकडं दोन वायरी जोडलेला एक साधा बल्ब होता, बास, तेवढंच हत्यार. बल्बाच्या दोन्ही वायरी बॅटरीच्या दोन टोकांना लावल्या, तर तो लख्ख पेटला. मग एक वायर तशीच ठेवून दुसरी गाडीच्या पत्र्याला लावली, तर नुसता तांबूस धगधगला.

“बॅटरी झ्याक हाय,” मामा म्हणाले. “करंट जातुय, पर त्येला माघारी याया वाट न्हाई. अर्थिंग गेलंय.” त्यांनी कॉट बाजूला सारली आणि मागच्या कोपऱ्यातली मॅट उचलली. खालचा पत्रा पापडासारखा हातात आला. त्याखालचा लोखंडी अँगल कुजून भुगा झालेला, आणि बॅटरीची जाड वायर ज्या बोल्टाला कसलेली, तो बोल्ट त्याच अँगलवर लोंबकळत होता. त्यावर पांढरी-तांबडी खपली.

मामा उकिडवे बसून मला समजावू लागले, जणू मीच त्यांची शिकाऊ. “ह्यो अँगल दाराची चौकट बी धरतुय आन् अर्थिंग बी धरतुय. गाडी तिरकी झाली की कोपरा बसतो. चौकट वाकडी झाली की दार धरतं, आन् बोल्ट सुटला की लाईट जाती. तुम्ही कुलपं बदलत बसलाय. कुलूप बिचारं काय करील?”

तेव्हा मला तो जॅक आठवला, दार सुटलं आणि पंखा फिरला तो क्षण आठवला.

“पर हितं एवढं पाणी आलं कुठनं?” मामांनी विचारलं.

“पावसाचं असंल,” आप्पा पटकन म्हणाले.

मामांनी खपलीचा तुकडा नाकाशी नेला. “पावसाला ब्लिचिंगचा वास कवापासनं याया लागला?”

आप्पांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, पान्हा उचलून बोल्ट खोलायला लागले. आणि मी, जिच्या तोंडाचा पट्टा दिवसभर थांबत नाही ती मी, मुकाट उभी राहिले. रोज दोन बादल्या, तीन वर्षं. दवाखाना स्वच्छ ठेवता ठेवता मीच गाडी खाल्ली होती. आणि दगड ठेवून, जॅक लावून, बिजागऱ्या ठोकून ती चालती ठेवणाऱ्या माणसाविरुद्ध मी पत्र लिहिलं होतं.

शेजारच्या वेल्डरनं नवा अँगल जोडला, मामांनी बॅटरीपासून थेट चासीपर्यंत जाड वायर टाकली. संध्याकाळी गाडी उतारावर उभी करून बघितली. दार अलगद उघडलं, ट्यूब लख्ख. मी मामांना हात जोडले. पण तोंडातून जे निघायला पाहिजे होतं ते निघालं नाही.

शनिवार-रविवार मी माझ्याशीच वकिली करत होते. माझीही नेमणूक वर्षावर्षाची. मला काढलं तर? आणि गाडी आता नीट झालीच आहे, साहेब बघतील, चार शब्द बोलतील, मिटेल. आपण होऊन कशाला सांगायचं? सोमवारी मी गप्प बसायचं असं ठरवूनच घरातून निघाले. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तसंच ठरवलं होतं.

मार्केट यार्डाजवळ संस्थेची एक खोली होती. साहेब तिथं आले, खुर्चीवर बसले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना वेळ नव्हता. त्यांनी आप्पांना विचारलं, “काय झालं होतं गाडीला?”

“मागचा अँगल कुजला व्हता सायेब. आता केलाय नीट.”

“असा कसा कुजला? तुम्ही बघत नव्हता?”

“गाडी माझ्या ताब्यात,” आप्पा म्हणाले. “खालनं बघायचं काम माझं. ऱ्हायलं माझ्याकडनं.”

साहेबांनी मान हलवली आणि माझ्याकडं वळले. “म्हणजे सिस्टर, तुमचं पत्र बरोबरच होतं. शनिवारची पिशवी घेऊन हेच आले होते. मी तिथल्या तिथं यांना वाचून दाखवलं, विचारलं, हे खरं आहे का? तर म्हणाले, सिस्टर खोटं लिहायच्या न्हाईत.”

पाकीट पिशवीत टाकताना पिशवी कोण नेतं याचा विचारही मी केला नव्हता. म्हणजे माझी तक्रार त्या माणसानं स्वतःच्या हातानं पुण्याला पोचवली, उभ्या उभ्या ऐकली, आणि पुढच्याच आठवड्यात येऊन माझ्या खिडकीला बिजागऱ्या लावल्या. मी अडकू नये म्हणून.

मग माझा राग आला, आणि बरं झालं आला. नाहीतर मी खरंच गप्प बसले असते. पण तो निघाला आप्पांवरच!

“काय राहिलं तुमच्याकडनं? काय राहिलं?” मी ओरडले. “तोंड नाही का तुम्हाला? बादल्या कुणी ओतल्या? ब्लिचिंग कुणी टाकलं? मामांनी वास घेऊन सांगितलं ना? आणि पावसाचं पाणी म्हणता! उन्हाळ्यात कुठला पाऊस पडला हो तुमच्या गाडीत?”

मी साहेबांना उठवलं, अक्षरशः उठवलं, बाहेर गाडीत नेलं, मॅट उचलून दाखवली. नव्या अँगलच्या शेजारचा खाल्लेला पत्रा दाखवला, माझी बादली दाखवली. सगळं सांगितलं. कवठ्याला आप्पा जागेवर नव्हते ते माझ्यासाठी पाणी आणायला गेले म्हणून, हेही सांगितलं. बोलता बोलता रडायला यायला लागलं, तरी पट्टा थांबेना.

“ते माझं पत्र फाडून टाका,” शेवटी मी म्हणाले.

“आलेला कागद फाडता येत नाही, सिस्टर. हे सगळं लिहून द्याल?”

“आत्ता देते.”

केसपेपरच्या कोऱ्या बाजूवर उभ्यानंच लिहिलं. या वेळी काही गाळलं नाही. साहेबांनी ते दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. मला लेखी ताकीद मिळेल म्हणाले, आणि ती पुढं मिळालीही. गाडीत आता पाणी ओतायचं नाही, पुसायचं, असंही म्हणाले. मग आप्पांना विचारलं, “उद्या कुठलं गाव तुमचं?”

“न्हावरं,” आप्पा म्हणाले.

साहेब गेले. आम्ही दोघं गाडीकडं चाललो. मी विचारलं, “आप्पा, पत्राचं तुम्हाला माहीत होतं. ब्लिचिंगचं कळलं होतं. मग साहेबांना का नाही सांगितलंत? नोकरी जात होती तुमची.”

ते म्हणाले, “भ्या मला बी वाटलं व्हतं, सिस्टर. दोन रात्री डोळा न्हाई लागला. पर तुमचं नाव सांगून भाकरी राखली असती, तर ती घशाखाली उतारली नसती. तुम्ही दवाखानाच धुत व्हता. चोरी थोडीच करत व्हता?”

त्या माणसाला एवढे दिवस मी काय समजत होते! आभार मानायचे होते, पण आधी दुसरं बोलायला पाहिजे होतं.

“आप्पा, चुकले मी,” म्हटलं.

मला वाटलं, ‘राहू द्या सिस्टर’ म्हणतील. आपल्याकडं म्हणतातच. ते थांबले, पहिल्यांदाच सरळ माझ्याकडं बघितलं.

“व्हय,” म्हणाले. “चुकलात.”

आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं.